पायातली वहाण आणि पंचायतीची खोली

सत्यनारायणाच्या पूजेला आपण आपला जोड घालून जातो आणि येताना भलत्याचाच घालून येतो. किस्स्यांचंही तसंच आहे. आमच्या महिला मंडळात मी जायचे ती घटकाभर टेकायला, आणि घरी यायचे ती कुणाचा तरी किस्सा पायात अडकवून. आता परत तरी कुणाला करू? मालकच नाकबूल होतात. हवालदार म्हणतात, असं काही घडलंच नाही. कुसुमताई म्हणतात, मी वाढवून सांगते. वाढवून सांगायची गरजच पडू नये अशी माणसं देवानं माझ्या वाट्याला दिली, त्याला मी काय करणार?

गाव मालवणपासून एसटीनं तासाभरावर. मी तिथल्या शाळेत मास्तरीण. साल ऐंशीच्या पुढचं, नेमकं विचारू नका, माझं वय निघेल. त्या वर्षी गावात दोन नव्या गोष्टी आल्या. एक, पोस्टमास्तरांकडचा टीव्ही. दुसऱ्या, मुंबई सोडून कायमच्या राहायला आलेल्या कुसुमताई. टीव्ही निदान ठरावीक वेळी बंद व्हायचा.

कुसुमताईंनी दादरला एक हॉबी क्लास केला होता. जुना बूट घ्यायचा, त्यात प्लास्टर भरायचं, वरून शिंपले, मणी, लेस, आरशाचे तुकडे चिकटवायचे, सोनेरी रंग मारायचा आणि आत मनी प्लांट लावून शोकेसमध्ये ठेवायचा. "याला मिक्स मीडिया म्हणतात," त्यांनी आम्हाला सांगितलं.

"मिक्स म्हंजे मिसळ?" माईनं विचारलं.

"तसंच काहीसं."

"मगे पाव खंय आसा?"

कुसुमताईंनी त्या दिवसापासून माईला अडाणी ठरवून टाकलं. आता अडचण एवढीच होती की आमच्या गावात बूट घालणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. बाकी गाव शेतात अनवाणी आणि लग्नात स्लिपर. ज्या गावात नवे बूट नाहीत, तिथे जुने कुठून येणार? पण कलावंताला असले क्षुद्र प्रश्न पडत नसतात.

* * *

माई म्हणजे सरपंचांची बायको आणि आमच्या मंडळाची अध्यक्ष. अध्यक्ष, कारण मंडळ तिच्याच घराच्या मागच्या पडवीत भरायचं. अध्यक्षांचं मुख्य काम चहा ठेवणं. आम्ही सुईत दोरा ओवला की पुढच्या पडवीतून सरपंचांची, म्हणजे आबांची, हाक यायचीच. "वायच चाय टाक गो, चार माणसां इलीत." आबांकडे माणसं कायम चारच यायची. फक्त दिवसभर येत राहायची.

त्यामुळे मंडळ सुरू झाल्यापासून माईनं एकही वस्तू बसून पुरी केली नव्हती. तिचा एक अर्धा विणलेला रुमाल होता, तो नातीच्या लग्नात आहेर म्हणून देऊ, असं आम्ही चिडवायचो. मुलाचंच लग्न व्हायचं होतं तेव्हा. तीही हसायची. पण एकदा चुलीवर टोप चढवता चढवता ती मला म्हणाली, "बाई, माका एक खोली होई. जयसर माका कोण हाक मारूचो नाय." तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. घर एवढं मोठं, पुढे पडवी, मागे पडवी, माजघर, आणि त्यात हिला हाकेबाहेर बसायला जागा नाही.

खोली गावात होती. पंचायतीच्या मागे, जुनं रेशनचं गोदाम. पण तिथे पुरुषांचं क्रीडा मंडळ भरायचं. क्रीडा म्हणजे रमी. खोलीची चावी आबांच्या कनवटीला.

आम्ही सगळ्याजणी रीतसर पंचायतीत गेलो. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. कुसुमताईंनी पिशवीतून एक नमुना काढला, मणी लावलेली जुनी सँडल, आणि ती थेट आबांच्या टेबलावर ठेवली. आबा खुर्चीसकट मागे सरकले.

"बाईनू," ते म्हणाले, "पायातली वहाण पायातच बरी."

आणि माईकडे बघून हसले, म्हणजे म्हण चपलेला होती की आणखी कुणाला, याबद्दल कुणाच्या मनात शंका राहू नये. मागे उभं असलेलं क्रीडा मंडळही हसलं. माईनं पदर सारखा केला आणि खाली बघितलं. मग आबांना दिलदारपणा सुचला.

"बरां, असा करूया. गावातल्या एका तरी शाण्या माणसान तुमच्या ह्या चपलांका हात जोडून दाखवले, तर चावी मी स्वतः आणून देतलंय."

क्रीडा मंडळ आता पोट धरून हसत होतं. बाहेर आल्यावर माई एवढंच म्हणाली, "बाई, तुमी साक्षीदार हां." बायकोचं बोलणं आबांनी कधी मनावर घेतलं नव्हतं. पण आबांचं बोलणं माईनं मनावर घेतलं.

* * *

आमचा पहिला देणगीदार अरबी समुद्र. भरतीला किनाऱ्यावर स्लिपर लागते. एकच लागते, जोडी कधीच नाही. आम्ही पोतंभर स्लिपर गोळा केल्या. सगळ्या एकेकट्या.

"ह्यांची दुसरी खंय गेली असतली?" माईनं विचारलं.

"आफ्रिकेत," कुसुमताई म्हणाल्या. "तिथल्या महिला मंडळाकडे."

एके सकाळी कुसुमताई फारच खुशीत आल्या. किनाऱ्यावर एका जागी ढीगभर स्लिपर मिळाल्या म्हणे, आणि चक्क जोड्या. समुद्राला आपलं काम पटलं, असं त्यांचं मत पडलं. आम्ही लगेच दोन-चारांना चुना फासला, एकीत प्लास्टर भरलं.

दुपारी पडवीच्या दारात दहाबारा गाबीत, म्हणजे आमच्याकडचे कोळी, येऊन उभे राहिले. ओलेचिंब, वाळूनं भरलेले, अनवाणी. सकाळपासून रापण, म्हणजे ते लांबलचक जाळं, किनाऱ्यावर ओढत होते बिचारे. रापणीला लागताना स्लिपर वाळूत काढून ठेवल्या होत्या. त्यातल्या म्हाताऱ्यानं प्लास्टर भरलेली आपली स्लिपर उचलली, उलटीसुलटी करून बघितली आणि कुसुमताईंना म्हणाला, "बाई, माजो पाय अजून जितो आसा."

* * *

गावाच्या वेशीवर राखणदाराची, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाची, छोटी घुमटी आहे. आमचा राखणदार रात्री गावाची फेरी मारतो, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. फिरणार म्हणजे चपला झिजणार. म्हणून ज्याचा नवस फिटतो, तो देवाला कातड्याच्या नव्या चपला वाहतो. एकेक चप्पल हातभर लांब. देवाचा पाय काय आपल्या मापाचा असणार? झिजलेले जुने जोड घुमटीच्या कोपऱ्यात रचून ठेवलेले असतात.

दादरला इतकी वर्षं काढल्यावर कुसुमताई हे सगळं विसरल्या होत्या. तो ढीग बघून त्या म्हणाल्या, "अगंबाई, किती रॉ मटेरियल!" आणि त्यांनी एक चप्पल उचललीसुद्धा.

गुरव आत फुलं घालत होता. त्यानं मागे वळूनही बघितलं नाही. "न्हेवा," तो म्हणाला. "पण रात्री देव ती मागूक तुमच्याकडे येतलो. तुमच्या घराचा दार बारीक आसा, वायच मोठा करून ठेवा."

कुसुमताईंनी चप्पल जागच्या जागी ठेवली आणि चालू लागल्या. त्या रात्री त्यांच्या घरचा दिवा मालवला नाही, असं शेजारणीनं मला सांगितलं.

* * *

हवालदार फौजेतून निवृत्त होऊन आले होते. त्यांचे ते काळे बूट दर रविवारी पडवीत उन्हाला बसायचे आणि हवालदार त्यांच्यापुढे बसून पॉलिश करायचे. घालायचे मात्र वर्षातून दोनदा, झेंडावंदनाला. एकदा हवालदार बहिणीकडे वैभववाडीला गेले आणि त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, बूट कलेला दान करून टाकले. म्हणाल्या, "माज्यापेक्षा त्या बुटांकडेच जास्त बघतत."

गावात आल्यापासून कुसुमताईंच्या हाती लागलेला तो पहिला खराखुरा बूट. सगळी विद्या त्यांनी त्यावर ओतली. शिंपले, आरसे, लाल मणी, वर पानं.

हवालदार परत आले ते नेमके चौदा ऑगस्टला. त्यांनी छिन्नीनं प्लास्टर फोडून काढलं. पण बाहेरचे शिंपले काही केल्या निघेनात. कुसुमताईंच्या कामाचा तो एक गुण होता, चिकटवलेलं सुटायचं नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या पटांगणात मुलांची रांग लावून उभी होते. लांबून खळक-खुळुक, खळक-खुळुक असा आवाज आला. मुलांना वाटलं, नंदीबैल. छाती पुढे काढून, नजर समोर ठेवून हवालदार येत होते. सॅल्यूटसाठी त्यांनी टाच आपटली आणि एक शिंपला उडून हेडमास्तरांच्या धोतरात गेला.

नंतर चहा पिताना मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. तेच म्हणाले, "बाई, सीमेवर ह्या बुटांका चिखल लागलो, बर्फ लागला. शिंपले लागले ते माज्याच घरात."

* * *

शिंपल्यांचं आणखी एक. दादरला म्हणे ते धुतलेले, पाकिटातून मिळायचे. आम्ही घरी तिसऱ्या, म्हणजे शिंपल्यांतली मासळी, खायचो आणि टरफलं वापरायचो. पण कुसुमताईंना घाई. काही तिसऱ्या न उघडलेल्या, तशाच अख्ख्या चिकटवल्या. आतला जीव आतच.

चारपाच दिवसांनी माईच्या पडवीत गावातली समस्त मांजरं रांगेत येऊन बसली. मंडळाला एवढी उपस्थिती कधीच नव्हती. पुढच्या पडवीत रमीचा डाव रंगला होता. त्यातल्या एकानं हवेत नाक वर केलं आणि मोठ्या आशेनं विचारलं, "आबानू, आज तिसऱ्यांचा सुक्या काय?"

आबांनी पान टाकलं आणि म्हणाले, "नाय. कला."

* * *

हवालदारांच्या मुलीला बघायला कुडाळहून मंडळी आली. मुलाचे वडील कोर्टातले निवृत्त कारकून. तपकिरी चामड्याचे चकचकीत बूट घालून आले आणि ते पायरीवर काढून आत गेले.

काकूंनी सकाळीच कुसुमताईंना निरोप धाडला होता, "पायरीवर जुनो जोड काढून ठेवलंय, घेऊन जावा." तो होता काकूंच्या फाटक्या सँडलचा, आणि होता मागच्या पायरीवर. कुसुमताई आल्या पुढून. बूट बघून त्यांना भरूनच आलं. रंगाचा डबा हातात उघडाच होता, म्हणून म्हणाल्या, एक हात इथेच मारून घेऊ, तळव्यांसकट, सुकला की येऊन घेऊन जाऊ.

आत पोहे झाले, प्रश्न झाले. "मुलीला काय येतं?" "भरतकाम, विणकाम. शिवाय मंडळात हस्तकला शिकते." सगळं छान चाललं होतं. मग पाहुणे निघाले आणि पायरीवर आले.

सोन्याचे बूट उन्हात झळकत होते. ओले. काकूंनी भिंतीला हात टेकला. पण एसटी काही कुणासाठी थांबत नाही. कारकुनांनी बूट पायात घातले आणि चालू लागले. हवालदारांच्या अंगणापासून स्टॉपपर्यंत सोनेरी पावलं उमटली. लक्ष्मीची असती तर पूजा केली असती.

लग्न मोडलं म्हणून काकू दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मध्यस्थ होकार घेऊन आला. वर कारकुनांचा तोंडी निरोप होता: "मुलगी पसंत. फक्त तिला सांगा, आमच्याकडे चपला कपाटात, कुलूप लावून ठेवायची पद्धत आहे."

* * *

आता शेवटचा. राखणदाराच्या जत्रेला आम्ही प्रदर्शन भरवायचं ठरवलं. जागा शाळेचा व्हरांडा. हेडमास्तरांना नाही म्हणायला वेळच दिला नाही मी. पण मांडणार काय? हवालदारांचे बूट गेले, गाबितांच्या स्लिपर गेल्या, कारकुनांचे बूट कुडाळला गेले. उरल्या त्या समुद्रातल्या एकेकट्या स्लिपर, तुटके पट्टे, फाटके तळवे.

"ह्या सगळ्यांचो मिळान एकच मोठो जोड करूया," माई म्हणाली. "सगळ्यांका जोडीदार गावतलो."

आबा त्याच आठवड्यात मालवणला सभांसाठी गेले. हाक मारायला कुणी नव्हतं. माई मागच्या पडवीत बसली ती बसली. स्लिपरांचे तळवे एकावर एक शिवले. वरून जुनं चामडं ओढलं. स्वतःच्या लग्नातल्या शालूची जर काठाला लावली. तिसऱ्यांची टरफलं लावली, या वेळी नीट उकडून. एका चपलेचा अंगठा कशाचा करायचा म्हणून ती आत गेली आणि आबांची एक जुनी वहाण घेऊन आली. तिचा अंगठा पूर्वी तुटला होता तेव्हा चांभाराकडे तपकिरी चामडं नव्हतं, म्हणून त्यानं हिरव्या रेक्झिनचं ठिगळ मारलं होतं. सगळ्या पंचायतीला ठाऊक होतं ते ठिगळ. आबांनी ती वहाण वर्षभर शोधली होती.

खरं सांगते, इथे मला टोमणा सुचत नाही. सुंदर झाला होता तो जोड. हातभर लांब एकेक चप्पल, उन्हात धरली की डोळे दिपायचे. माईनं शेवटचा टाका घातला, दोरा दातानं तोडला आणि नुसती बघत बसली. तिनं पुरी केलेली ती पहिली वस्तू. मला फार बरं वाटलं आणि थोडं रडूही आलं.

जत्रेच्या सकाळी माई आणि मी तो जोड टोपलीत घालून शाळेकडे निघालो. राखणदाराच्या घुमटीपाशी आलो आणि टोपलीचं बूड सुटलं. जोड जमिनीवर कसा ठेवायचा? म्हणून घुमटीच्या पायरीवर ठेवला आणि दुसरी टोपली आणायला शाळेत गेलो.

परत येऊन बघतो तर जोडावर जास्वंदीची फुलं. हळद-कुंकू. उदबत्ती. शेजारी केळीच्या पानावर नारळ. भोवती ही गर्दी. परगावची एक म्हातारी डोळे पुसत सांगत होती, "कोणाचो तरी मोठो नवस फिटलो गो. असो जोड माज्या जल्मात बघूक नाय."

कुसुमताई शाळेकडून धावत आल्या. "अहो, सांगा ना कुणीतरी त्यांना, ते प्रदर्शनातलं..."

माईनं त्यांचा दंड धरला. "गप ऱ्हवा."

"पण देवाचा कोप झाला म्हणजे?"

"देवाक वहाण दिली. कोप कित्याक होतलो?"

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. आबा आले, मागे अख्खं क्रीडा मंडळ. गावचे मानकरी म्हणून जत्रेचं गाऱ्हाणं आबांनीच घालायचं असतं. त्यांनी तो जोड पाहिला, पायातल्या चपला काढल्या आणि दोन्ही हात जोडले. क्रीडा मंडळानंही जोडले. मग आबांनी नारळ हातात घेतला आणि खड्या आवाजात सुरुवात केली.

"बा देवा राखणदारा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

"आज ज्या कोणी लेकरान तुज्या पायाक ही वहाण घातली..."

"व्हय म्हाराजा."

"तेच्या मनात जी काय इच्छा आसा, ती आजच्या आज पुरी कर रे म्हाराजा..."

त्या "व्हय म्हाराजा"ला गुरव दचकून मागे वळला. घुमटीपुढे बायकांचा एवढा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. काकूंचा तर सगळ्यात वर.

"आणि तेच्या आड जो कोण येयत, तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," माई म्हणाली.

आबा जोडावर डोकं टेकवायला वाकले. टेकवलं, आणि तसेच राहिले. लोकांना वाटलं, केवढी भक्ती. मी बाजूलाच उभी होते, मला दिसत होतं. आबांच्या नाकासमोर, जास्वंदीच्या फुलाखाली, हिरवं ठिगळ होतं.

ते सावकाश उठले. माई डोक्यावर पदर घेऊन शेजारीच उभी होती. आबा ओठ न हलवता म्हणाले, "गो, ही वहाण माजी."

"व्हय," माई म्हणाली. "पायातच आसा. फकत पाय बदललो."

आणि तिनं उजवा हात पुढे केला, प्रसादाला करतात तसा. गाव बघत होता. आबांनी नारळ डाव्या हातात घेतला आणि उजवा कनवटीला नेला.